आप्पा घाडींच्या पेटीतली रिकामी जागा

आप्पा घाडींच्या घरात ग्राफिक्स कार्ड नव्हतं, पण कुठलं घ्यावं यावरून नवरा-बायकोत भांडण मात्र नेमाने व्हायचं. यात नवल काही नाही. आमच्या चारकोपच्या सेक्टरात नवरा-बायको पिंपाच्या झाकणावरूनही भांडतात. नवल एवढंच, की या भांडणातली बायको वारलेली होती.

आप्पा तिसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्यावर. माणूस उंचीने बेताचा, रुंदीने बेताचा, आवाज मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा चुकून यांना मिळालेला. आप्पा घरात शिंकले की गोराईच्या खाडीत भरती वेळेआधी यायची आणि होड्या घाईघाईने किनाऱ्याला लागायच्या. कोळी लोक घड्याळ न बघता आप्पांच्या सर्दीवर हिशेब ठेवायचे. विश्वास नसेल बसत तर राहू द्या, आमच्या बिल्डिंगीत तरी माझ्यावर कोण विश्वास ठेवायचं?

आयुष्यभर त्यांनी चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये डाय बनवल्या. म्हणजे प्लास्टिकच्या बादल्या, डबे, बाटल्यांची झाकणं ज्या लोखंडी साच्यातून बाहेर पडतात ते साचे. "मुंबईतल्या निम्म्या टमरेलांचो बाप मी," असं ते लग्नाच्या पंगतीत, अनोळखी माणसाला, भरल्या तोंडाने सांगायचे. निवृत्त झाले, पण सरकत्या जबड्यात धरून केसभर जाडी मोजणारा खिशातला व्हर्नियर काही निवृत्त झाला नाही. पेन ठेवावं तसा तो शर्टाच्या खिशात असायचा. सुनेकडे गेले की तिने केलेली घावनं मोजायचे. माझ्याकडे चहाला आले की बिस्किट आधी मोजायचे, मग बुडवायचे. एकदा माझ्या पोटाला व्हर्नियर लावला, जबडा पुरेना, तेव्हा मान हलवून म्हणाले, "ह्येका मेस्त्री लागतलो."

घाडी हे नुसतं आडनाव नव्हे. कोकणात गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचा तो मान घाड्यांचा. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा आणि ओली पानं किंवा कळ्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. आप्पांच्या आजाने म्हणे पावसालाही कौल लावून थांबवून धरला होता, वरात पोचेपर्यंत. आप्पांनी हा वारसा चारकोपला आणला. आमच्या सोसायटीत वॉचमन कोणता ठेवायचा यावर दोन तट पडले, तेव्हा आप्पांनी कौल लावला. देवाने निवडलेला इसम पहिल्याच दिवसापासून गेटवर घोरत पडला. लोक आप्पांवर धावून गेले, तर आप्पा म्हणतात, "देव 'ठेवा' म्हणालो. जागतलो म्हणून खंय बोललो?"

आता सुलभाकाकू. आप्पांच्या पत्नी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, त्याच वर्षी गुडघे गेले आणि बाई घरात अडकल्या. मुलगा प्रशांत नालासोपाऱ्याला राहायचा, त्याने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला, भजनं ऐका, भाच्यांचे फोटो बघा म्हणून. काकूंनी भजनं ऐकली नाहीत. त्यात कुठून तरी ट्रक चालवायचा एक गेम होता, तो त्यांनी उघडला आणि मग तो कधी बंद केलाच नाही. मोठाले कंटेनर, परदेशातले रस्ते, परदेशातलं धुकं. शिव्या मात्र अस्सल मालवणी. समोरच्या गाडीने इंडिकेटर दिला नाही की काकू ओरडायच्या, "शिरा पडो तुझ्या तोंडार! घरात आयस-बापूस नाय तुका?" खालच्या मजल्यावर माझा ब्रेक लागायचा.

लॅपटॉपचा पंखा मात्र विमान धावपट्टीवर यावं तसा गरजायचा. आप्पांना टीव्हीवरची मालिका ऐकू येईना. ज्या माणसाच्या आवाजाने समुद्र हलतो त्याला बायकोच्या पंख्याने हरवलं, हे आप्पांच्या जिवाला लागलं. मी अंधेरीच्या एका ऑफिसात लोकांचे कंप्युटर बंद करून पुन्हा चालू करण्याचं काम करतो. त्यामुळे मला वर बोलावणं आलं.

"कंप्युटरवाल्या, असो एक यंत्र सांग, जो आवाज करूचो नाय."

मी म्हटलं, पाण्याने थंड होणारा बनवू. आत नळ्या, एक छोटा पंप, एक पारदर्शक टाकी. पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन जातं, पंखे जेमतेम कुजबुजतात. फक्त तो ठेवणार कुठे? घरात मोकळी अशी एकच जागा होती, देवघराच्या शेजारची फळी, जिथे लोणच्याच्या बरण्या असायच्या. आप्पांनी बरण्या उतरवल्या, फळी मोजली आणि इस्टेटमधल्या जुन्या शॉपमध्ये जाऊन ॲल्युमिनियमची एक पेटी स्वतःच्या हाताने बनवून आणली. अशी पेटी मी आजवर दुसरी पाहिली नाही. जोड दिसत नव्हते. बोट फिरवलं तर बोटच गुळगुळीत होऊन परत यायचं.

सगळं बसलं. राहिलं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र ज्याच्या जोरावर उमटतं ती पट्टी. त्याची जागा पेटीत कोरून ठेवलेली होती, पण कार्ड कुठलं? छोट्या पेटीचं दुखणं असं, की कार्ड लांबीला मावलं तर जाडीला अडतं. जाडीला मावलं तर वीज इतकी खातं की आतला पॉवर सप्लाय हात वर करतो. हे सगळं जमलं तर त्याच्या मापाचा पाण्याचा ठोकळा मिळत नाही. कार्डाचे पंखे काढून त्या जागी तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवावा लागतो, त्यातून पाणी जातं. तो प्रत्येक कार्डाचा वेगळा. लग्न जमवणं सोपं.

त्यात काकूंना पाहिजे होतं सगळ्यात मोठं.

"माका मोठांच व्हया. धुक्यात पुढचां कायच दिसना नाय."

"मोठां मावूचां नाय. पेटी बघ," आप्पा म्हणायचे.

"मगे पेटी मोठी करा."

"फळी बघ गो."

"मगे फळी मोठी करा."

"बाजूक देव आसा!"

"देवाक सरकवा वायंच. तो काय गाडी चालवता?"

हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत दोन्ही बाजू म्हणू शकेन. कार्डाचं ठरेपर्यंत निदान नळ्या गळतात का ते बघू, म्हणून मी पाणी भरायला बसलो. आमच्या धंद्यात यासाठी शुद्ध केलेलं पाणी घालतात आणि ते बिघडू नये म्हणून वर औषधाचे थेंब. मी बाटली उघडतोय तर काकू आतून एक कॅन घेऊन आल्या, लंगडत. माहेरच्या विहिरीचं पाणी. गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्या ते मागवून ठेवायच्या, गंगेचं ठेवतात तसं.

"काकू, यात हे चालत नाही. ज्यात काहीच नाही असं पाणी लागतं."

"ज्येच्यात कायच नाय तां पाणी कसला रे मेल्या? ह्या पाण्यान माझी आजी म्हातारी झाली."

कोकणातल्या बाईच्या माहेरच्या विहिरीला नाव ठेवून आजवर कोणी जेवून गेलेलं नाही. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे बघत होते. घातलं ते पाणी. पंप चालू केला, टाकीत एक छोटासा भोवरा फिरायला लागला आणि काकू त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. कुठेही गळलं नाही.

त्याच आठवड्यात, दुपारच्या चहाला, काकू बसल्या जागी गेल्या. डॉक्टर येईपर्यंत बशीतल्या चहावर साय धरली होती. माणसं जमली, रडली, गेली. या सगळ्यात पंप बंद करायचा राहून गेला, तो राहिलाच. पुढे मी एकदा हात पुढे केला तर आप्पा गरजले, "हात लाव नको! पाणी थांबला काय मराता."

पाणी थांबलं नाही. पण विहिरीचं पाणी ते, त्यात जे असतं ते असतंच. आधी नळ्यांवर हिरवी झाक आली, मग टाकीच्या तळाला मखमल धरली. मग खरीखुरी शेवाळं, लांब, केसांसारखी, भोवऱ्याबरोबर हळूहळू फिरणारी. दुसरा कोणी असता तर सगळं ओतून घासून काढलं असतं. आप्पा त्याच्यासमोर बसायचे. बिल्डिंगीत बोलवा उठली की टाकीत बेडूक आहे. मी बेडूक पाहिला नाही, खोटं कशाला बोलू? मी फक्त आवाज ऐकला. आणि हे मात्र कोणालाही विचारा, भर मे महिन्यात त्या फळीपाशी गेलं की अंगावर गार यायचं आणि ओल्या चिऱ्यांचा वास यायचा, विहिरीत वाकून बघताना येतो तसा. टाकीतलं पाणी हळूहळू कमी व्हायचं. नळ्यांतून थोडं उडून जातं, ते मला माहीत आहे. आप्पा मात्र कॅनमधलं पाणी वर घालताना सहज म्हणायचे, "पिता ती."

वर्षश्राद्ध झालं आणि आप्पांनी मला पुन्हा वर बोलावलं. नवीन कार्ड बाजारात आलं होतं, मोबाईलवर त्याचा फोटो होता, सगळी मापं पाठ होती. देवाला नमस्कार करून ते वळले ते पेटीकडे. खिडकीतल्या कुंडीतली तुळशीची दोन पानं भिजवून त्यांनी टाकीच्या दोन अंगांना चिकटवली आणि हात जोडून असा आवाज लावला की समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका दळण टाकून गच्चीत आल्या.

"अगो सुलभा!"

गाऱ्हाण्याला जमलेली माणसं देतात तो होकार माझ्या तोंडून आपसूक निघाला, "व्हय म्हाराजा!"

"आज जां काय ह्यां नवीन कार्ड इलाहा, तां तुझ्या पेटीत घालूचा म्हणतंय. लांबी मावता, जाडी मावता, लाईट झेपता, पाण्याचो ठोकळो गावता..."

"व्हय म्हाराजा!"

"पसंत आसलां तर उजवो दी, नसलां तर डावो दी!"

पंप चालू असल्यामुळे टाकी किंचित थरथरत असायची. पानं थरथरली. जरा वेळाने डावं पडलं.

"नाय म्हणता," आप्पा म्हणाले. आणि मग मी जे पाहिलं ते असं, की हा माणूस निराश झाला नाही. त्याने बाह्या सरसावल्या. "कित्याक नाय? काय वायट आसा ह्येच्यात? तुका नुसतां मोठां, मोठां! देवाक खंय ठेवू, तुझ्या डोक्यार?" आणि अर्धी दुपार तो त्या हिरव्या पाण्याशी तावातावाने भांडत बसला. मी चहा करून घेतला, त्यांनाही दिला. मधेच ते थांबायचे, ऐकल्यासारखं करायचे आणि मग पुन्हा चिडायचे. मला काही ऐकू आलं नाही. पण ते थांबायचे ते बरोबर एखाद्या वाक्याएवढे थांबायचे.

पुढे हा रिवाजच पडला. नवीन कार्ड आलं की आप्पा बाहेर पडणार. बोरिवलीच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या पोऱ्याने खोका उघडला.

"अंकल, एकदम लेटेस्ट. मक्खन चलेगा."

"मक्खन मेरेको नय मंगता. लंबाई बोल."

"बारा जीबी है, अंकल."

"वजन नय पूछा मैं, लंबाई पूछा," म्हणत आप्पांनी व्हर्नियर काढला. कार्डावर तीन पंखे होते. आप्पा त्या पंख्यांकडे बघतच राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन? माझ्या अख्ख्या घरात दोन आसत!" दुकानातला मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं सरकारी तपासणी आहे. निघेपर्यंत त्याने आप्पांना दोनदा कोल्ड्रिंक पाजलं.

वरून हे सगळं हसण्यासारखं होतं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती आणि ती आप्पांच्याही आली असणार. माणसं वय झालं की आखडतात, कार्डं मात्र दरवर्षी लांब आणि जाड होत चालली होती. पेटी तेवढीच. मावणारी कार्डं दुकानातून एकेक करून नाहीशी होत होती आणि प्रत्येकाला आप्पा, म्हणजे काकू, डावा कौल देत होत्या.

मग आमच्या बिल्डिंगीला रिडेव्हलपमेंट लागली. चारकोपला ती हल्ली गोवरासारखी लागते, एका बिल्डिंगीला आली की शेजारच्या चार आडव्या. सगळ्यांनी भाड्याच्या जागा शोधल्या, सामान बांधलं. आप्पांनी एक टमरेलसुद्धा हलवलं नाही. प्रशांत आला, समजावून गेला, पुन्हा आला.

"बाबा, माझ्याकडे जागा आहे. पेटी आणा, टाकी आणा, शेवाळ आणा. पण चला आता."

"कार्ड बसल्याबिगर पेटी हलूची नाय. आणि पेटी हलल्याबिगर मी हलूचंय नाय."

"अहो, पण लोक घर पाडायला येतील!"

तेव्हा आप्पांनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि मला तो आवडला नाही. "मेलेला माणूस घराक धरून रवता, प्रशांत. घर पाडलांत तर तो उघड्यार पडता. तेका बोलवून नेवचा लागता. आणि तिचो जीव त्या पेटीत अडाकलो, ती अर्धी ठेवन तिका कसो बोलवू? कोणत्या तोंडान?"

प्रशांत माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, पण म्हणाला एवढंच, "दादा, मिळतंय का बघा ना काहीतरी."

मी शोधलं. भांडुपच्या एका दोस्ताकडे अखेर सापडलं. जुनं, आखूड, मुळातच पाण्याचा ठोकळा बसवून विकलेलं, असली कार्डं आता कोणी बनवत नाही. मी ते घेऊन आलो. आप्पांनी व्हर्नियर लावला. पुन्हा लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला. "केसभर जागा उरता," म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. इतक्या वर्षांनी हवं ते हातात आलेल्या माणसाचा चेहरा असा पडतो, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं.

"इचारूक व्हया," म्हणाले.

वाटीत पाणी घेतलं. या वेळी मी बाजूला उभा नव्हतो, वाटी धरून अगदी जवळ होतो, म्हणून मला दिसलं. उजवं पान त्यांनी वाटीत पूर्ण बुडवलं, दोन्ही बाजूंनी, आणि अंगठ्याने टाकीवर दाबून बसवलं. डाव्याला पाण्याचा नुसता स्पर्श केला आणि टेकवलं. सराईत हात होता तो, घाड्यांचा. गाऱ्हाणं झालं. डावं पान पडलं. ते पडणारच होतं. ते दर वेळी पडणारच होतं.

"नाय म्हणता," आप्पा म्हणाले.

मी बोलायला नको होतं, पण तोंड माझं. "आप्पा, उजवं जास्त भिजवलंत तुम्ही."

मला वाटलं आता आवाज चढणार, भिंतीचा गिलावा पडणार. आप्पा फळीजवळच्या खुर्चीत बसले. काकूंच्या खुर्चीत.

"ती नाय म्हणाली काय दुसऱ्या दिवशी परत इचारूक गावता," ते म्हणाले. "व्हय म्हणाली तर? मगे काय इचारू?"

मी वाटी खाली ठेवली आणि घरी आलो.

सकाळी त्यांनी स्वतःच हाक मारली, कार्ड बसवू या म्हणून. कौलाचं नाव काढलं नाही. मी नळ्या सोडल्या. पाणी फेकू दिलं नाही त्यांनी, भाताच्या टोपात धरलं, शेवाळासकट, आणि ठोकळा जोडून झाल्यावर पुन्हा गाळणीशिवाय ओतलं. शेवाळाने ठोकळा तुंबेल, कार्ड जळेल, मी सांगितलं. "तिका ठावक आसा खंयसून जावचां तां," म्हणाले. बटण दाबलं. पडदा उजळला. लॅपटॉपमधला काकूंचा गेम मी यात उतरवला होता, तो त्यांनी सोडला तिथूनच उघडला. काकूंचा ट्रक कुठल्याशा परदेशी घाटात, धुक्यात, रस्त्याच्या कडेला उभा होता. धुक्यातलं सगळं दिसत होतं, झाडाचं पानन् पान. आणि आवाज म्हणाल तर काही नाही. ज्यासाठी एवढा घाट घातला ती शांतता अखेर त्या घरात आली होती.

आप्पा कान देऊन उभे होते. "इतकी गप ती कधी नव्हती," म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन बसले.

निघायच्या दिवशी बिल्डिंगीत आप्पा आणि मी, दोनच घरं उरली होती. खालच्या मजल्यांच्या खिडक्या काढून नेल्या होत्या, जिन्यात कबुतरं शिरली होती. प्रशांतचा टेम्पो गेटात उभा. मी वर गेलो तेव्हा घर रिकामं, भिंतींवर कपाटांचे चौकोन, आणि फळीवर ती पेटी चालू. आप्पांच्या हातात तुळशीची दोन पानं. ती त्यांनी माझ्यापुढे केली.

"तू लाव. माझो हात खोटो."

"मला नाही येत, आप्पा."

"येवचां नाय म्हणानच तू लाव."

मी पानं भिजवली. तुम्हाला माझी ओळख एव्हाना झाली आहे. पण ती दोन पानं मी इतकी सारखी भिजवली आणि इतकी सारखी चिकटवली की सोन्याच्या तराजूत घाला. आप्पांनी हात जोडले. या वेळी शेजारपाजारच्या गच्च्या ऐकायला रिकाम्या होत्या आणि आवाजही तो नव्हता.

"सुलभा, पेटी पुरी केलंय. हंय आता कोण रवाचो नाय. माझ्यावांगडा येतंस काय?"

मी टाकीजवळ वाकलो.

पानं थरथरली. खालून प्रशांतने हॉर्न दिला. मी उजव्या पानाकडे बघत होतो, अगदी जीव लावून. डावं सुटलं, टाकीवरून घसरलं आणि फळीवर पडलं.

आप्पा वाकले. उजव्या पानाला बोट लावून पाहिलं, घट्ट होतं. मग माझी बोटं धरून पाहिली.

"दोनय सारखी भिजवलंस?"

"सारखी."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ. आप्पा, पंप हलतोय म्हणून पडतं ते, कुठलं तरी एक पडणारच..."

"मगे उजवां कित्याक नाय पडला?"

आणि ते हसायला लागले. भिंतीला पाठ टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पूर्वीचंच, गोराईपर्यंत जाणारं हसणं. "इतकी वर्सां मी तिच्या तोंडान बोललंय," ते म्हणाले. "आज ती सोता बोलली. आणि काय बोलली? नाय! नालासोपाऱ्याक? ती? सुनेच्या हाताखाली? मेलंय तरी येवचंय नाय, म्हणता. तीच ती. आसा, हंयच आसा!"

प्रशांत धापा टाकत वर आला. "बाबा, चला. पेटी घेऊ?"

"रवांदे."

"अहो, उद्या मीटर काढून नेतील. मग?"

"तां तिका सांगलंय," आप्पा म्हणाले आणि चपला घालून निघाले. वळून पेटीकडे पाहिलं नाही, बाजारात निघालेला माणूस घराकडे पाहत नाही तसं. दार त्यांनी नुसतं ओढून घेतलं.

टेम्पोत ते ड्रायव्हरशेजारी बसले. मांडीवर काही नव्हतं, हात मोकळे होते, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. टेम्पो गेटातून बाहेर पडला, वळणापाशी हळू झाला आणि आप्पांनी अर्धं अंग बाहेर काढून, तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून, सगळ्या चारकोपला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सुलभा गो, आतून कडी लाव!"

टेम्पो वळला. गेटात मी एकटा उरलो. माझी एक बॅग अजून वर दुसऱ्या मजल्यावर होती. चांगली बॅग होती, नवी. ती आणायला मी गेलो नाही.